आरोग्य आपल्या घरचे : डब्यातल्या लाल गोळ्या



गेल्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही परळी वैजनाथला गेलो होतो. दुपारी ओळखीच्या एका घरी जेवायला बोलावणे होते. घरात सासू, मुलगा, सून आणि धाकटी नणंद. सुनेला सातवा महिना. जेवणे झाली, लगेच चहा आला आणि गप्पा सुरू झाल्या. सुनेचा चेहरा फिकट दिसत होता. दोन पायऱ्या चढून आली तरी तिला दम लागत होता. आम्ही सहज विचारले, "बेटी, रक्त तपासलंस का?"

तिने कागद आणून दाखवला. हिमोग्लोबिन ८.२. मग आम्ही गोळ्यांची चौकशी केली. ती सासूकडे बघत उठली आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आली. आत लाल गोळ्यांची पाकिटे होती. आशाताईंनी घरी आणून दिलेली, एकही न फोडलेली.

"आपा, दोन दिवस घेतल्या. पोटात मळमळतं आणि शौचाला काळी होते. शेजारची म्हणाली, बाळही काळं होतं," ती हळूच म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या? आठ लेकरं झाली मला."

आम्ही त्या वेळी त्यांना काही उत्तर दिले नाही. पाहुण्याने जेवणाच्या ताटावर उपदेश करू नये. पण तो डबा काही डोळ्यांसमोरून हलेना. अशा न फोडलेल्या पाकिटांचे डबे केवळ परळीत नाहीत, आपल्यापैकी कित्येकींच्या घरांत आहेत. म्हणून या महिन्याचे पान त्या डब्यासाठी.

थोडेसेच लागते, पण लागतेच

आपल्या शरीराला पीठ-तांदूळ, डाळ, तेल हे मुठी-मुठीने लागते. काही गोष्टी मात्र चिमटीनेसुद्धा मोजता येणार नाहीत इतक्या थोड्या लागतात. लोह, जस्त, आयोडीन, तांबे, सेलेनियम, मँगनीज ही त्यांतली मुख्य. यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात.

किती सूक्ष्म, ते बघा. गरोदर स्त्रीला रोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. पूर्ण नऊ महिन्यांचा हिशेब केला तर ते ७० मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भागही नाही. लोह त्या मानाने जास्त लागते. पूर्ण गरोदरपणात मिळून सुमारे एक ग्रॅम. यातले साधारण ३०० मिलिग्रॅम बाळाला आणि वारेला जाते, ५०० च्या आसपास आईचे वाढलेले रक्त तयार होण्यात लागते आणि उरलेले रोजच्या झिजेत जाते.

एक ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हा एक ग्रॅम जमवायला नऊ महिने कमी पडतात, कारण आपल्याकडच्या बहुतेक मुली लग्न होऊन येतात तेव्हाच त्यांच्या अंगातला साठा रिकामा असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तो ६८.९ टक्के होता. आईची रिकामी तिजोरी लेकराकडे कशी जाते, हे या दोन आकड्यांत दिसते.

बाळाची शिदोरी

गर्भातले बाळ शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून लोह घेऊन आपल्या यकृतात साठवते. ही त्याची शिदोरी. आईच्या दुधात लोह थोडे असते. ते बाळाला उत्तम पचते, पण पहिले सहा महिने बाळ मुख्यतः या शिदोरीवरच काढते. आई रक्तक्षयाची असेल, किंवा बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, तर शिदोरी अर्धीच बांधलेली असते. नेमक्या याच काळात बाळाचा मेंदू झपाट्याने वाढत असतो आणि त्याला लोह लागते. पुढे औषध देऊन रक्त वाढते, पण मेंदूचे त्या महिन्यांतले राहून गेलेले काम पूर्ण भरून निघेलच, अशी खात्री देता येत नाही.

आईच्या बाजूनेही धोका आहे. बाळंतपणात रक्त जातेच. ज्या अंगात आधीच रक्त कमी, तिथे थोडा रक्तस्रावसुद्धा जिवावर बेततो. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्तक्षय समजतात, ७ च्या खाली गेले तर तो तीव्र. तशा वेळी घरच्या उपायांवर थांबू नये, थेट मोठ्या दवाखान्यात जावे.

प्रसूतीच्या वेळची एक साधी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळ जन्मताच नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबले, तर वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि त्याच्या लोहाच्या साठ्यात भर पडते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. डॉक्टरांना किंवा नर्सताईंना आधीच तसे विचारून ठेवायला हरकत नाही.

गोळी कशी घ्यावी

सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात २०१८ पासून हे प्रमाण ठरले आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस. त्यानंतर बाळंतपण झाल्यावर पुन्हा १८० दिवस. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. पहिल्या तीन महिन्यांत फक्त फॉलिक ॲसिडची गोळी देतात. रक्त फार कमी असेल तर गोळ्या दुप्पट करायच्या की सलाइनमधून लोह द्यायचे, हे डॉक्टर ठरवतात. आपण मनाने वाढवू नये.

आता त्या मुलीच्या तक्रारी. मळमळ होते हे खरे आहे. सुरुवातीचे काही दिवस गोळी रात्री झोपताना किंवा थोडे खाऊन घेतली तर त्रास कमी होतो. शौचाला काळी होते हेही खरे. गोळीतले न शोषलेले लोह तसेच बाहेर पडते, त्याचा तो रंग. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळ काळे होते, हे मात्र साफ खोटे. रंग आई-बापाकडून येतो, गोळीतून नाही. "गोळ्यांनी बाळ फार मोठे होते आणि बाळंतपण अडते" अशीही एक समजूत आहे. तिलाही आधार नाही.

खरा शत्रू आम्हाला त्या दिवशी ताटाशेजारीच दिसला. जेवणानंतरचा चहा. चहातले टॅनिन लोहाला पोटातच धरून ठेवते. भाकरी-भाजी कितीही चांगली असो, लगेच चहा घेतला की त्यातल्या लोहाचा मोठा वाटा वाया जातो. जेवण आणि गोळी, दोन्हीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा टाळा. कॅल्शियमची गोळीही लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. उलट लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो लोहाला मदत करतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर सोन्याहून पिवळे.

काही घरांत कॅप्सूलच्या वेष्टनाबद्दल शंका असते आणि त्यापायी औषधच सुटते. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी ही गोळी आहे, कॅप्सूल नव्हे. बाहेरून औषध घेताना शंका असेल तर डॉक्टरांना तसे सांगून गोळी लिहून मागा, पण औषध थांबवू नका.

आणि एक सावधगिरी. गोळ्यांचा लाल रंग लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटसारखा वाटतो. मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीव जाऊ शकतो. डबा उंच ठेवा.

माती खाण्याची ओढ

निघताना नणंदेने आम्हाला कानात सांगितले, "भाभी मुलतानी माती खाते." भाभीला ऐकू गेले आणि ती शरमली. यात शरमण्यासारखे काहीच नाही. भाजलेली माती, राख, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ हे बऱ्याचदा अंगात लोह कमी असल्याचे लक्षण असते. पण माती लोह देत नाही. ती अन्नातले लोह आणि जस्त अडवते. शिवाय तिच्यातून जंतांची अंडी आणि शिशासारखे विषारी धातू पोटात जाऊ शकतात. तेव्हा सुनेला रागावू नका, तिचे रक्त तपासा.

या मातीवरून एक मोठा शोध लागला आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणमध्ये शिराझला काम करत होते. त्यांच्याकडे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. तो जेमतेम दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. त्याचे जेवण म्हणजे फक्त रोटी, आणि रोजची जवळपास अर्धा किलो माती. रक्तक्षय तर होताच. पण लोहाच्या कमतरतेने एवढी वाढ खुंटत नाही, हे प्रसादांच्या मनाला लागून राहिले. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की कमतरता जस्ताची आहे. जस्त दिल्यावर मुले वाढू लागली. माणसालाही जस्ताची उणीव होऊ शकते, हे तोपर्यंत वैद्यकशास्त्र मानत नव्हते.

पेशीतून पेशी तयार होते तिथे जस्त लागते. गर्भात तर रात्रंदिवस हेच काम चालते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदर स्त्रीला रोज १४.५ मिलिग्रॅम जस्त लागते. मटण, अंडी, हरभरा, मटकी, तीळ, शेंगदाणे, ज्वारी-बाजरी यांतून ते मिळते. अडचण एवढीच की धान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्त आणि लोह दोन्ही अडवतो. आपल्या आजी-नानींनी यावर उपाय आधीच काढलेला आहे. कडधान्य भिजवून मोड आणणे, पीठ आंबवून आंबील करणे. मोड आणि आंबवण्याने फायटेट कमी होते. म्हणजे मटकीची उसळ आणि ज्वारीची आंबील ही गरिबाची गोष्ट म्हणून सोडून देण्याची नाही.

जस्ताचे आणखी एक काम सांगतो. लहान मुलाला जुलाब झाले की ओआरएसबरोबर १४ दिवस जस्ताची गोळी देतात. सहा महिन्यांपेक्षा मोठ्या मुलाला २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. ती आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे.

मिठाची बरणी

आयोडीनशिवाय गळ्यातली थायरॉइड ग्रंथी काम करत नाही आणि तिच्याशिवाय बाळाचा मेंदू घडत नाही. पहिल्या काही महिन्यांत तर बाळ पूर्णपणे आईच्या ग्रंथीवर अवलंबून असते. तीव्र कमतरतेत बाळ मतिमंद, बहिरे जन्मू शकते.

हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले आणि गलगंडाचे प्रमाण उतरले. आज आपण विकत घेतो त्या आयोडीनच्या मिठामागे हा अभ्यास आहे. घरी पोहोचणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावे असा नियम आहे.

स्वस्त पडते म्हणून सुटे खडा मीठ आणू नका, त्यात आयोडीन असेलच असे नाही. बरणी झाकून, चुलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. मीठ भाजी शिजत आल्यावर घाला. आयोडीन मिळावे म्हणून मीठ जास्त खायचे मात्र नाही, त्याने रक्तदाब वाढतो. दूध, अंडी, मासे यांतही आयोडीन असते.

तांबे, सेलेनियम, मँगनीज यांची चिंता सहसा करावी लागत नाही. धान्य, डाळी, तीळ, शेंगदाणे, अंडी, मासे, मटण यांतून ती मिळतात. शक्तीच्या म्हणून मिळणाऱ्या महागड्या बाटल्या आणि पावडरी मनाने सुरू करू नका. सेलेनियमसारखी खनिजे जास्त झाली तर अपाय करतात.

पुण्याजवळच्या सहा गावांत काय दिसले

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी बाया अंगाने किरकोळ होत्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या जवळ भरले. २००१ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. आईने एकूण किती खाल्ले, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पण ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत होत्या, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. पोट भरणे वेगळे आणि पोषण होणे वेगळे, हे आपल्याच मातीतल्या बायांनी दाखवून दिले.

यावरून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पुढची पायरी झाली. पालेभाजी, फळे, दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून देण्यात आला. २०१४ साली निकाल आले. सगळ्यांची मिळून वजनात मोठी वाढ दिसली नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने खाऊ खाल्ला होता त्यांची बाळे थोडी वजनदार होती, आणि ज्या आया फार कृश नव्हत्या त्यांच्यात हा फरक अधिक होता. म्हणजे सातव्या महिन्यात धावपळ करण्यापेक्षा मुलीचे ताट लग्नाआधीपासूनच बघायला हवे.

परळीच्या बाजारात मेथी, शेपू, अंबाडी, चुका, राजगिरा मुबलक मिळतो. शेवगा तर दारातच असतो, त्याचा पाला टाकू नका. मेथी-गोश्त आपल्या घरात होतेच. मटणातले लोह अंगी चांगले लागते आणि भाजीतले लोह शोषायलाही ते मदत करते. कलेजीत लोह भरपूर असते, पण जीवनसत्त्व 'अ' फार असते, म्हणून गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कलेजी टाळलेली बरी. अहळिवाचे लाडू बाळंतिणीला चांगले. खजूरही चांगले. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात ही समजूत मात्र सोडा, त्यांत लोह थोडेच असते. ते फळ-भाजी म्हणून खा, गोळीच्या बदल्यात नको.

फडावर जाणाऱ्या बहिणी

बीड जिल्ह्याचे बोलताना ऊसतोडीला विसरून चालत नाही. दिवाळीच्या आसपास नवरा-बायकोचा कोयता उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो तो मार्च-एप्रिलला परततो. म्हणजे ज्या सहा महिन्यांत गोळ्या घ्यायच्या, तेच सहा महिने बाई गावाबाहेर, पहाटेपासून फडात आणि डोक्यावर मोळी. आपल्या समाजातल्याही अनेक बहिणी यात आहेत. तुमच्या गल्लीतली कोणी जाणार असेल तर तिला निघण्याआधी आशाताईंकडे न्या, गोळ्या आणि तपासणीचे कार्ड बरोबर द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी असते. कार्ड असेल तर ती कारखान्याच्या गावीही करून घेता येते.

रमजान आणि गरोदर सून

आपल्या वा बाळाच्या जिवाला अपायाची भीती असेल तर गरोदर आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दीनने दिलेली आहे. ही सवलत अल्लाहची मेहरबानी आहे, ती घेणाऱ्या सुनेला कमी लेखू नये. रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांचे मत घ्या आणि पुढच्या कझाबद्दल आलिमांना विचारा. ज्या रोजा ठेवतात त्यांनी इफ्तारच्या जेवणावर लगेच चहा न घेता, तासाभराने घ्यावा, आणि गोळी झोपताना.

बाळ आल्यावर

बाळाला पहिल्या तासात छातीशी घ्या. पहिले पिवळे चीक-दूध टाकू नका, त्यात जस्त आणि रोगाशी लढणारे घटक भरलेले असतात. मध, घुटी, साखरपाणी नको. एक वर्षाच्या आत मध धोक्याचा आहे. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. सहा महिने पुरे झाले की शिदोरी संपत आलेली असते. त्या दिवसापासून मऊ खिचडी, डाळ, अंडे, बारीक केलेले मटण, पालेभाजी सुरू करा. आईचे दूध दोन वर्षे चालू ठेवावे. हेच वैद्यकशास्त्र सांगते आणि दोन पूर्ण वर्षांचा उल्लेख पवित्र कुरआनमध्ये सूरह बकरामध्येही आहे.

महिनाभर गोळ्या नीट घेऊनही रक्त वाढत नसेल, तर कारण वेगळे असू शकते. थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या, आणि ती नवरा-बायको दोघांची. जवळच्या नात्यात लग्ने होतात त्या घरांनी तर जरूर.

निघताना

त्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा सासूबाई दारापर्यंत आल्या. सून आत भांडी आवरत होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आठ झाली म्हणाले ना मी. दोन राहिली नाहीत. तिसऱ्या वेळी तर मलाच अंबाजोगाईला नेलं होतं, रक्त चढवलं तेव्हा वाचले."

ती दोन लेकरे का गेली, हे आज कोणी सांगू शकत नाही. आम्हीही सांगणार नाही. पण खालाजानच्या डोळ्यांत जे होते, ते आठच्या अभिमानापेक्षा वेगळे होते. आम्ही एवढेच म्हणालो, "खाला, तुमच्या वेळी गोळ्या नव्हत्या. आता आहेत. रात्री तुम्हीच आठवण करून द्या तिला."

मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. रात्री नऊला अम्मी हातात गोळी आणि लिंबूपाणी घेऊन उभी राहते म्हणाला. जेवणानंतरचा चहा आता सगळ्या घरानेच बंद केला आहे, कारण एकटीसमोर सगळ्यांनी प्यायचा आणि तिने बघत बसायचे, हे त्यांना पटले नाही. हिमोग्लोबिन ९.४ झाले आहे. अजून पुष्कळ वाट आहे, पण पाकिटे फुटू लागली आहेत.

भगिनींनो, आज हे पान वाचून झाल्यावर आपापल्या घरातला डबा एकदा उघडून बघा. आणि ज्या घरी सून गरोदर आहे, तिथे आज तिला सगळ्यांच्या शेवटी नाही, सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. अल्लाह तआला प्रत्येक आईला सुखरूप सोडवो आणि प्रत्येक लेकराला निरोगी आयुष्य देवो. आमीन.